शेजारच्या नातवाचे पहिले पाऊल

अमरावती-नागपूर महामार्गावरच्या गुरुकुंज मोझरीत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला माणसे बसतात, तेव्हा शाळकरी पोर आणि ऐंशीतले आजोबा एकाच रांगेत असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये हा आश्रम उभारला तेव्हा ते २६ वर्षांचे होते. शाळा प्राथमिक वर्गांतच सुटलेली. 'ग्रामगीता' आली १९५५ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. (त्यांच्या चरित्राचीही फूटपट्टी करून मुलांना टोचणारे पालक आहेतच.) प्रार्थना संपते आणि चपला शोधता शोधता दुसरेच बोलणे सुरू होते. 'त्याईचा नातू त दहाव्या महिन्यातच चालाले लागला, आपला काऊन नाई?'

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. आधाराशिवाय चालू लागण्याचे वय त्यात साधारण ८ महिन्यांपासून जवळपास १८ महिन्यांपर्यंत पसरलेले दिसले. दहाव्या महिन्यात चालणारे आणि पंधराव्यात चालणारे, दोन्ही बाळे ठणठणीत. शरीराच्या हिशेबात 'योग्य' हा बहुधा एक आकडा नसतो, पट्टा असतो. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. एकाच पावसात पेरलेले सोयाबीन दसऱ्याच्या आसपास घरी येते, त्याच वावरातली तूर संक्रांतीपर्यंत उभी असते. तूर मागे पडली म्हणून कोणी कपाळाला हात लावत नाही.

मोठ्यांचेही तेच. वाचायच्या चष्म्याला मराठीने नावच 'चाळिशी' दिले आहे. डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता त्या सुमारास सगळ्यांचीच कमी होते. शेजारी पंचावन्नाव्या वर्षीही चष्म्याविना पेपर वाचतो म्हणून खट्टू होणाऱ्याला हे ठाऊक नसते, की त्या शेजाऱ्याला बहुधा लांबच्या बसची पाटी दिसत नाही. सकाळच्या फिरण्यातही आता मोबाइलवरची पावले दाखवण्याची चढाओढ असते. दहा हजारांचा आकडा मुळात १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे यंत्र विकताना रूढ झाला. गुडघे झिजलेल्या साठीतल्या बाईंनी तिशीतल्या सुनेचा आकडा गाठायला जाऊ नये. बोलता येईल इतक्या वेगाने चालले तरी पुष्कळ झाले.

अमेरिकेत बेका लेव्ही यांच्या २००२ मधल्या अभ्यासात पन्नाशीपुढचे ६६० जण होते. आपल्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षे जास्त जगले. त्या नजरेनेच आयुष्य वाढले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण वयावर रुसून बसल्याने कोणाचे भले झालेलेही दिसत नाही.

याचा उलटा अर्थ काढणारेही कमी नाहीत. 'ज्याचा त्याचा वेग' म्हणत अठरा महिने उलटूनही न चालणारे बाळ घरीच ठेवले जाते. 'वयच झालं' म्हणत आजीचा विसराळूपणा आणि आजोबांचा दम खपवून घेतला जातो. त्यामागे थायरॉइडचा त्रास, रक्तक्षय किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती साध्या रक्ततपासणीत सापडते आणि औषधाने सुधारतेही. तेव्हा ताडून पाहायचेच तर स्वतःच्याच जुन्या कागदांशी पाहावे: गेल्या वर्षीचे वजन, रक्तदाब, साखर. गेल्या दिवाळीत न थांबता चढलेल्या पायऱ्यांवर आजोबा यंदा दोनदा बसले असतील, तर शेजारचे आजोबा किती धडधाकट आहेत हे न पाहता त्यांना या आठवड्यातच दवाखान्यात न्यावे.