‘खूप छान’ लिहिण्याआधी एकदा उघडून बघा



आजचा विषय वाळवणाचा आहे, पण पापड लाटण्याचा नाही. पापड विकायला आमच्या घरातल्या मुलीने वेबसाइट केली, त्याचा आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्या जिभेचा आहे.

आम्ही अकरा जणी दर उन्हाळ्यात मिळून उडदाचे पापड, शेवया, कुरडया आणि मुगाचे सांडगे करतो. गिऱ्हाईक सांगलीतलं, ओळखीतलं. यंदा माझी पुतणी म्हणाली, "काकू, आपली वेबसाइट करू या. पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसंसुद्धा मागवतील." पोरगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉम्प्युटरचा कुठला क्लास नाही. युट्यूबवर बघत, चुकत, पुन्हा करत, सुट्टीतल्या वीस-बावीस रात्री जागून तिने ती केली आणि एका सकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. खाली लिहिलं होतं, "कशी वाटली ते सांगा."

दहा मिनिटांत फुलं, टाळ्या, जोडलेले हात. "खूप छान बाळा." "अभिमान वाटतो." मीही "अप्रतिम" लिहिलं आणि कुकर लावायला उठले. मैत्रिणींनो, मी ती लिंक धड उघडलीसुद्धा नव्हती.

आठ दिवसांत ऑर्डर आली एक, तीही तिच्या मामाची. घरात साठ किलो पापड डब्यांत भरून ठेवलेले. नवव्या दिवशी संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो होतो, दोन पाहुणेही होते. तोवर मी वेबसाइट नीट बघितली होती. सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, तो रंग काय, काही वाचता येत नाही! त्या दुसऱ्या बायकांची बघ कशी चकाचक आहे. यापेक्षा कुणाला तरी पैसे देऊन करून घेतली असती."

ती काही बोलली नाही. ताट उचललं आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी लिंक दाबली तर पानच उघडेना. तिने वेबसाइट काढून टाकली होती. धाकटी जाऊ मला काही म्हणाली नाही, पण दोन दिवस आमचं स्वयंपाकघरातलं बोलणं कामापुरतंच झालं.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे. माझं मत असं झालंय की माझं पहिलं "अप्रतिम" आणि नंतरचं "तो रंग काय" ही एकाच चुकीची दोन टोकं होती. दोन्ही वेळा मी फक्त निकाल दिला. वेबसाइट वापरताना माझ्या हातून काय झालं आणि मी कुठे अडले, हे तिला सांगितलंच नाही. आणि तिला उपयोगी पडली असती ती तेवढीच गोष्ट.

मला माझ्या सासूबाई आठवल्या. मी नवी असताना पापडाचं पीठ माझ्याकडे यायचं. त्या एक लाटी घेऊन लाटायच्या आणि म्हणायच्या, "हे बघ, कडा फाटतायत. तेलाचा हात लावून अजून थोडं कूट." कधी "तुला जमत नाही" म्हणाल्या नाहीत, की उगाच "वा वा" केलं नाही. आधी स्वतः लाटून बघायच्या, मग काय झालं ते दाखवायच्या. चूक पिठात असायची, माझ्यात नसायची. मग लॅपटॉपवर केलेल्या कामाला वेगळा न्याय का?

तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत गेले. आधी म्हटलं, "सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं माझं." मग विचारलं, "तुला आमच्याकडून नक्की काय कळायला हवं होतं?" तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "काकू, छान-वाईट नको. तुम्ही मोबाइलवरून पापडांची ऑर्डर करून दाखवा. मी मागे बसते, काही बोलणार नाही. काय करताय ते मोठ्याने बोलत राहा, एवढंच."

तिने वेबसाइट पुन्हा चढवली, पण लिंक ग्रुपवर टाकली नाही. पहिली ऑर्डर मी केली. मग शेजारच्या अक्का, वय ७१. मग जाऊ, तिची बहीण, आणि आमच्या गटातली एक जण जिचा फोन सात वर्षांचा जुना आहे. अशा पाच जणी.

हा पाचचा आकडा सहज आला, पण नंतर तिने सांगितलं की त्याला आधार आहे. जेकब नील्सन नावाचे तज्ज्ञ वेबसाइट वापरायला सोपी आहे की नाही, याचाच अभ्यास करतात. त्यांनी २००० साली लिहिलं होतं की पाच माणसांना वापरायला देऊन बघितलं तरी साधारण ८५ टक्के अडचणी समोर येतात. म्हणजे "मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं" म्हणून मागे राहणारी बाईच इथे कामाची असते. ज्याला सगळं येतं तो न अडकता पुढे जातो, त्याच्याकडून अडचण कळायची कशी?

आता आम्ही कुठे कुठे अडलो ते सांगते. तुमच्या घरातही कुणी असं काही करत असेल तर उपयोगी पडेल.

साईच्या रंगाच्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं होती. लॅपटॉपवर गोड दिसायची, गॅलरीतल्या उन्हात मोबाइलवर गायब व्हायची. मी "रंग काय तो" म्हणाले होते ते हेच, पण कारण सांगितलं नव्हतं. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा उजेडातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं दिलेलं आहे. तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. तिने मोजलं, फार कमी भरलं. अक्षरं गडद तपकिरी केली, साईचा रंग तसाच राहिला.

फोन नंबर एका सुंदर चित्रात लिहिलेला होता. अक्कांनी तो तीन वेळा दाबला, फोन लागेना. मग त्यांनी कागद-पेन मागितलं. तेव्हा कळलं की नंबर अक्षरांत लिहून त्याला फोनची लिंक जोडावी लागते.

भावांचा तक्ता छापखान्यातून आलेल्या फाइलमधून उचललेला होता. तो जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये होता. अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त दिसताना मराठी दिसतात. तिच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट होता म्हणून तिला कधी कळलं नाही. आमच्या मोबाइलवर मात्र "उडीद पापड"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्यावर सगळ्यांच्या फोनवर नीट दिसलं.

जुन्या फोनवर पान उघडायलाच तयार नव्हतं. बारा फोटो, प्रत्येक मोबाइलमधून काढला तसाच ठेवलेला, चार-पाच एमबीचा. म्हणजे एका पानासाठी पन्नास एमबीच्या आसपास. फोटो लहान करून दोनशे केबीच्या आत आणले.

आणि शेवटचं. "ऑर्डर द्या" दाबल्यावर "ऑर्डर मिळाली" असा निरोप यायचा, पण पानाच्या अगदी वर. आम्ही तर खाली बटणाशी. काही झालं नाही असं वाटून अक्कांनी तीनदा दाबलं आणि तिच्याकडे तीन ऑर्डरी गेल्या. अक्का म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं." पोरगी पहिल्यांदा बोलली, "नाही अक्का, माझं चुकलं. निरोप बटणापाशी दिसायला हवा होता."

यातली एकही गोष्ट तिला आमच्या ग्रुपवरच्या फुलांतून कळली नसती. माझ्या ताटावरच्या टोमण्यातूनही कळली नसती.

काही मैत्रिणी म्हणतील, मुलगी नवशिकी आहे, कौतुक केलं तर बिघडलं कुठे? काहीच बिघडलं नाही, पण कौतुकही नेमकं हवं. "छान" या शब्दाने तिला काहीच कळत नाही. "पापड कसे तळायचे ते तू तीन ओळींत लिहिलंस, ते मला लगेच कळलं", असं म्हटलं तर काय जसंच्या तसं ठेवायचं हे तिला समजतं. आणि खोट्या कौतुकाची किंमत शेवटी तीच मोजते. ऑर्डर येत नाही, का येत नाही ते कळत नाही, आणि दोष ती स्वतःला देते.

दुसऱ्या कुणी म्हणतील, खरं ते तोंडावर बोलावं, त्यात कसली लाज? मी त्यातलीच होते. पण खरं आणि आपली आवड यांत फरक आहे. "नंबर दाबला, फोन लागला नाही" हे खरं. "मला तो झेंडूच्या माळेचा काठ आवडत नाही" ही माझी आवड. पहिलं सांगायलाच हवं. दुसरं विचारलं तरच सांगावं, आणि माझी आवड आहे असं म्हणूनच सांगावं. तो काठ अजून तिथे आहे. मला अजून आवडत नाही. पण वेबसाइट तिची आहे.

उपायाची घाईही आपण फार करतो. "नंबर मोठा कर" असं मी सांगितलं असतं तर तिने तो मोठा केला असता आणि फोन तरीही लागला नसता. अडचण आपण सांगावी, उपाय करणारीने शोधावा. आणि पंचवीस चुकांची यादी एकदम हातात देऊ नये. माणूस जिथे अडून परत जातो ते आधी, बाकीचं पुढच्या आठवड्यात. आणि हे सगळं दोघींत, चार माणसांसमोर नाही.

आपल्याकडे हित, मित आणि प्रिय बोलावं असं लहानपणापासून ऐकत आलोय. भाषा समितीवर प्रवचनं ऐकलीत. मला वाटतं आम्ही बायका त्यातलं "प्रिय" तेवढं ग्रुपवर ठेवतो आणि "हित" घरच्या माणसांसाठी, तेही कडू करून. "मित" तर विसरूनच जातो. आणि अनेकांताचं म्हणाल तर त्या पाच फोनांनी मला तो नव्याने शिकवला. तिच्या लॅपटॉपवर दिसत होतं ते खोटं नव्हतं, अक्कांच्या फोनवर दिसलं तेही खोटं नव्हतं. दोन्ही एकत्र ठेवल्यावर वेबसाइट सुधारली.

निकाल काय लागला विचाराल. चमत्कार वगैरे काही नाही. पुढच्या तीन आठवड्यांत चौदा ऑर्डरी आल्या, त्यातल्या सहा अनोळखी लोकांच्या. एक ठाण्याहून होती. निम्मे पापड अजून डब्यांतच आहेत. पण परवा पोरगी आपण होऊन म्हणाली, "काकू, मंदिराच्या पाठशाळेच्या वेळापत्रकाचं पान करतेय. झालं की तुम्हाला आणि अक्कांना आधी दाखवते." ग्रुपवर टाकायच्या आधी आम्हाला दाखवणार आहे. मला त्या चौदा ऑर्डरींपेक्षा याचं जास्त बरं वाटलं.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरातली, गल्लीतली एखादी मुलगी किंवा सून, किंवा पन्नाशीतली मैत्रीणसुद्धा, स्वतः केलेल्या वेबसाइटची लिंक पाठवेल. फुलांचं चित्र पाठवायच्या आधी ती उघडा. तिथे जे करायचं आहे ते एकदा करून बघा, ऑर्डर असो, वेळ शोधणं असो, नाव नोंदवणं असो. मग तिला एकटीला फोन करून सांगा, "मी हे करायला गेले, इथपर्यंत जमलं, इथे अडले." फूल त्यानंतर पाठवा.

तुमचा अनुभव मला जरूर कळवा. आणि हे लिहिलेलं वाचताना कुठे अडलात तर तेही सांगा, आता ऐकायची सवय करते आहे.

जय जिनेंद्र.