घरच्या कलावंताची बिदागी

भाद्रपद आला की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात नि रावपुऱ्यात मांडव उभे राहतात, आणि त्यांबरोबर एक जुना वादही उभा राहतो. रस्त्यावरच्या मांडवात रागदारी व्हावी काय? आमच्या काही वडीलधाऱ्यांचे मत असे, की ज्या शहरात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, जेथे १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, जेथे फैयाजखाँसाहेब दरबारगवई होते, तेथल्या कलावंताने शेवउसळीच्या गाडीशेजारी बसून वाजवू नये. मला हे मत मान्य नाही. माझे वडील राजघराण्याच्या पदरचे गवई. दरबारी मान म्हणजे काय हे मी घरातच ऐकले आहे, आणि म्हणूनच मान्य नाही.

तो मान झुंबरांत नव्हता. बडोदे संस्थानात कलावंतांचे स्वतंत्र खाते होते. कलावंताला नेमणूक होती, हजेरीचे नियम होते. ते कित्येकांना जाचकही वाटत. पण वाजवणे हे काम आहे आणि कामाला दाम आहे, एवढे तेथे गृहीत होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबाराचा आश्रय गेला. कलावंत मात्र गल्लीतच राहिला. तेव्हा त्याचा सांभाळ गल्लीने करावा, यात कमीपणा कसला?

पण गल्ली काय करते, तेही पाहू. आमच्याकडे एक पेटीवाले आहेत. दिवसा दुकानात हिशेब लिहितात, रात्री पेटीवर जयजयवंती अशी उभी करतात, की जुनी माणसे गॅलरीत येऊन थांबतात. उत्सवात त्यांची पाळी आरती, मंत्रपुष्प, प्रसाद, मुलांचे नाच हे सारे आटोपल्यावर येते. २००० सालच्या ध्वनिनियमांप्रमाणे एरवी रात्री दहाला कर्णे बंद व्हावयाचे. म्हणजे हाती उरतो अर्धा तास. पावसाळी हवेने तबल्याची पुडी उतरलेली, ती ठोकून सुरात आणण्यात त्यातलीही दहा मिनिटे जातात. पुढे मंडळी द्रोण हाती घेऊन गप्पांत. शेवटी शाल, नारळ आणि दोन शब्द.

बिदागीचा विषय काढला की चिटणीस हसून म्हणतात, ‘अहो, ते तर आपल्या घरचेच!’ मग मांडववाला, वीजवाला, कर्णेवाला, ढोलताशांचे पथक, हे सारे परके म्हणून वर्गणीतून पैसे घेतात, आणि घरचा म्हणून एकट्यानेच फुकट वाजवायचे, हा न्याय कोणता? कोणी म्हणेल, देवापुढची सेवा आहे, ते स्वतःच पैसे घेणार नाहीत. न घेवोत; पाकीट हाती घेऊन ते देवापुढच्या पेटीत टाकोत. सोडण्याचा अधिकार त्यांचा आहे. त्यांच्या वतीने आधीच सोडून देण्याचा अधिकार आपला नव्हे.

हा प्रश्न एका पेटीवाल्याचा नाही. माझ्याकडे शिकणारी मुले त्या मांडवातच बसलेली असतात. संगीताची किंमत ती माझ्या व्याख्यानावरून ठरवीत नाहीत. थोरांनी कोणाला किती दिले आणि कोणाचे किती ऐकले, यावरून ठरवतात. पुढे त्यांतला एखादा तबला सोडून देतो, तेव्हा आपण काळाला दोष देऊन मोकळे होतो.

म्हणून मंडळांच्या चालकांना विनंती एवढीच: दहा दिवसांतली एक संध्याकाळ गल्लीतल्या कलावंताची ठेवा. आरतीनंतर लगेच त्याला पुरा तास द्या, प्रसाद मागाहून वाटा, आणि बिदागीचा आकडा जमाखर्चात मांडवभाड्याच्या ओळीखाली लिहा. आपल्या जुन्या घराण्यांनी त्या तासापुरते खुर्च्या सोडून पुढच्या सतरंजीवर बसावे. मांडवाला दरबाराची कळा येण्यास एवढेच पुरे आहे.