फळ्यावरचा हिशेब आणि कपाटातला हिशेब

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या दाराशी एक काळा फळा आहे. दर जुम्म्याला नमाज आटोपली की मुअज्जिनसाहेब त्यावर खडूने लिहितात : आजचा चंदा इतका, विजेचे बिल इतके, शिल्लक इतकी. रक्कम चार-पाच हजारांची. रिक्षावाला, भंगारवाला, शाळकरी पोरे, सगळे तो फळा वाचतात. त्यामुळे मशिदीची इज्जत गेली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

तिथून हाकेच्या अंतरावर आमची उर्दू शाळा. शाळा अनुदानित, म्हणजे आमचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. वर वेतनेतर अनुदान, आणि इमारतीसाठी कौमने दिलेला चंदा वेगळा. उलाढाल लाखांची. पण तिथे फळा फक्त वर्गात. हिशेब सदरसाहेबांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या शेरवानीच्या खिशात.

आम्ही शिक्षक हे सारे जाणतो आणि तरी गप्प बसतो. का बसतो, तेही सांगून टाकतो. बी.एड.ची पदवी घेऊन आम्ही मुलाखतीला गेलो, तेव्हा आम्हाला धडा कसा शिकवाल हे कोणी विचारले नाही. ‘तयारी किती आहे?’ एवढेच विचारले. कोणाच्या बापाने शेत विकले, कोणाच्या आईने बांगड्या मोडल्या. त्या पैशांची पावती नाही. ज्याची पावती नाही, त्याचा जाब कोणत्या तोंडाने मागायचा?

आमच्या एका सहकाऱ्याने मात्र धाडस केले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात अर्ज दिला : पाच वर्षांत भरलेली पदे, जाहिरातींच्या प्रती, इमारत निधीचा जमाखर्च. तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर उत्तर आले, ‘संस्था अल्पसंख्याक असल्याने हा कायदा लागू नाही.’ पुढे त्याची वेतनवाढ अडली आणि सेवापुस्तक ‘सापडेना’ झाले. सदरसाहेबांनी बोलावून म्हटले, “सर, हम पे भरोसा नहीं क्या? अपनी कौम का इदारा है!”

हे उत्तर खोटे आहे. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. गैरकारभाराचा हक्क दिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५८ सालीच, केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना, स्पष्ट केले. डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात १७ सप्टेंबर २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, सरकारचे भरीव अर्थसाहाय्य घेणारी बिगरसरकारी संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. २००५ च्या या कायद्याचे कलम ४ तर म्हणते, कोणी मागण्याआधीच माहिती आपणहून जाहीर करा.

कोणी म्हणेल, सरकार तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहे? नाहीच. राजकीय पक्षांना कोण किती पैसा देतो, हे जनतेपासून लपविणारी निवडणूक रोख्यांची योजना २०१८ मध्ये आणली गेली. ती घटनाबाह्य ठरायला १५ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. पण दिल्लीला हिशेब मागताना चालणारी आमची जीभ सदरसाहेबांपुढे टाळूला का चिकटते?

दुसरा आक्षेप नेहमीचा : घरातले चव्हाट्यावर आणू नका, बाहेरचे टपलेले आहेत. मग वक्फचे काय झाले ते आठवा. जून २०२५ मध्ये ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले आणि वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या कायद्याबद्दल आमचेही आक्षेप आहेत. पण आमच्या तालुक्यात मुतवल्ली सनद आणि सातबारा शोधत फिरताना आम्हीच पाहिले. बोर्डाला दरवर्षी हिशेब द्या, हे तर १९९५ चा कायदाही सांगत होता! घरात दप्तर नीट नसले की बाहेरच्याला आत यायला निमित्त मिळते.

आणि ‘भरोसा’ म्हणाल, तर बंगळूरूची आयएमए कंपनी विसरू नका. ‘हलाल नफा’ म्हणून हजारो मुसलमानांनी, त्यात विधवांनी आणि निवृत्तांनी, आयुष्याची पुंजी तिथे ठेवली. जून २०१९ मध्ये मालक देशाबाहेर पळाला. नफा नेमका कुठून येतो, हे विचारणे लोकांना बेअदबी वाटली होती. मालक ‘आपला’ होता ना!

हिशेब विचारणे म्हणजे बदगुमानी, हे आम्हाला शिकवले कोणी? कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याविषयीच आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, असे ती सांगते. तिथे ‘आपलाच माणूस आहे, राहू द्या’ अशी सवलत नाही.

आमची मागणी मोठी नाही. लेखापरीक्षण झालेला वार्षिक ताळेबंद, भरतीची जाहिरात व निवड झालेल्यांचे गुण, आणि मिळालेल्या देणग्या, एवढे शाळेच्या दाराशी लावा. येत्या पालकसभेत आम्ही हे सह्यांनिशी मांडणार आहोत. आमच्याही वेतनवाढी अडतील, हे ठाऊक आहे. नोकरीसाठी आम्ही दिलेल्या रकमा त्या कागदावर आम्ही सर्वांत आधी लिहू. त्यात आमची शरम आहे. पण ती लपवून दुसऱ्याला जाब विचारता येणार नाही.

दाराशी फळा तेवढा लावा. खडू आमच्याकडे आहेच.