थट्टेमागची तक्रार : सैनिकांची बोली इतिहासाचे साधन म्हणून का वाचावी

१/
सैनिकांच्या बोलीतील गमतीदार शब्दांच्या याद्या आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. नौदलाने भूदलाला कोणते टोपणनाव दिले, भूदलाने वायुदलाला कोणते, हे वाचावे, हसावे आणि विसरावे, असा आपला रिवाज. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. सैनिकाची थट्टा ही पुष्कळदा तक्रार असते. शिस्तीपायी जे वरिष्ठांपुढे बोलता येत नाही, ते विनोदाचे सोंग घेऊन बाहेर पडते. म्हणून ही बोली करमणुकीपुरती न वाचता इतिहासाचे साधन म्हणून वाचली पाहिजे.

२/
आरंभ घरापासून करू. शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीला येई. महाराजांनी पागा बळकट ठेवली आणि शिलेदारांना पागेच्या अमलाखाली ठेवले, असे सभासद बखर सांगते. यामागचा हिशेब समजण्याजोगा आहे. ज्याचे घोडे, त्याची हुकमत.

३/
आता या दोन शब्दांचे नशीब पाहा. आज एखाद्याचा गौरव करायचा तर आपण त्याला ‘शिलेदार’ म्हणतो. ‘बारगीर’ मात्र अभ्यासकांच्या टिपणांत उरला. बंगालमध्ये तोच शब्द ‘बर्गी’ झाला आणि अठराव्या शतकातील मराठी स्वाऱ्यांची दहशत तेथील लोकस्मृतीत त्याच नावाने राहिली. घोडा कोणाच्या मालकीचा, एवढ्या साध्या प्रश्नातून जन्मलेला हा शब्द एका प्रांतात विस्मरणात गेला आणि दुसऱ्या प्रांतात भयाचा झाला. साहित्य, दर्जा आणि भाषा यांचा संबंध इतका जवळचा असतो.

४/
पुढे इंग्रजी फौजा हिंदुस्थानात स्थिरावल्या, तेव्हा हेच पुन्हा घडले. गोऱ्या शिपायाने येथील चिठ्ठी, चहा, बक्षीस, रोटी हे शब्द उचलले. त्याच्या तोंडी रोटीची ‘रूटी’ झाली, आणि दीर्घ सेवा व सद्वर्तन यांसाठी मिळणाऱ्या पदकाला तो ‘रूटी गाँग’ म्हणू लागला. म्हणजे इतकी वर्षे सरकारची रोटी खाल्ली, त्याबद्दलचे पदक! या दोन शब्दांत पगार, बढती आणि वाया गेलेली उमेद यांवरचे त्याचे भाष्य आले. सरकारी गॅझेटात ते सापडणार नाही.

५/
गणवेशाचे उदाहरण घ्या. खाक म्हणजे धूळ. १८४६ साली हॅरी लम्सडेन याने पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ उभारली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्यासाठी धुळीच्या रंगाचे कपडे ठरले. तेव्हा ब्रिटिश पायदळाचा कोट लाल होता. त्या कोटामुळे शिपायाला ‘लॉब्स्टर’, म्हणजे आपल्याकडची शेवंड, म्हणून चिडवीत. ब्रिटिश सैन्याने मायदेशातही खाकी छटेचा सेवागणवेश स्वीकारला, तो १९०२ साली. सरहद्दीवरच्या पलटणीला जे धुळीत समजले, ते लंडनच्या कचेरीत पोहोचायला अर्धे शतक लागले.

६/
पायाला गुंडाळायची ‘पट्टी’ही अशीच आपल्याकडून गेली आणि इंग्रजीत ‘पटी’ झाली. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळलेली ही लोकरी पट्टी कोरड्या डोंगराळ मुलखात उपयोगी होती. पहिल्या महायुद्धात ती फ्रान्सच्या चिखलात उतरली. ओल्या खंदकात दिवसचे दिवस उभे राहणाऱ्या शिपायांचे पाय सडू लागले. थंडी आणि ओल ही मुख्य कारणे होतीच, पण घट्ट बूट आणि घट्ट पट्ट्या यांनाही त्या काळच्या डॉक्टरांनी दोष दिला. साहित्य एका भूमीसाठी घडते आणि दुसऱ्या भूमीत वापरले जाते, तेव्हा त्याची किंमत शिपायाचे शरीर मोजते.

७/
नौदलाच्या कपड्यांतही मुंबई आहे. डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला त्या भागाचे नाव मिळाले. व्यापाराबरोबर ते इंग्रजीत ‘डंगरी’ झाले, आणि पुढे त्या कापडाच्या कामाच्या कपड्यांना ‘डंगरीज’ म्हणू लागले. ब्रिटिश आणि अमेरिकी खलाशांनी ते कपडे वर्षानुवर्षे वापरले. आज भारतीय सेनादलांत अंगभर घालायच्या कामाच्या पोशाखाला ‘डांगरी’ म्हणतात. डोंगरीचा शब्द जगभर फिरून डांगरी होऊन घरी आला, आणि आपण त्याला इंग्रजी समजून बसलो आहोत.

८/
मात्र मला सर्वांत अस्वस्थ करणारा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. १८६१ साली तेथे छावणी वसली. हिंदुस्थानातील मुदत संपलेले शिपाई तेथे मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत. सैन्य नेणारी जहाजे साधारणपणे हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत वसंतात संपे, त्याला पुढच्या मोसमापर्यंत थांबावे लागे. काम नाही, शत्रू नाही, घर डोळ्यांसमोर आणि जहाजाचा पत्ता नाही. उन्हाळा, दारू, रोग आणि रिकामपण यांत माणसे खचत. त्या अवस्थेला शिपायांनी नाव दिले ‘डूलाली टॅप’. टॅप म्हणजे आपला ताप.

९/
आज इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडगळ, एवढाच अर्थ उरला आहे. तो शब्द हसत उच्चारला जातो. मला विचाराल तर ते हसू अर्धवट माहितीचे आहे. मनाच्या विकारांना सैन्यात धड नाव नव्हते आणि त्यांवर सहानुभूती तर त्याहून दुर्मीळ, अशा काळात शिपायांनी एका गावाच्या नावाने आपल्या सोबत्यांचे दुखणे नोंदवून ठेवले. आता त्याच देवळालीत भारतीय तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथून जाणाऱ्या प्रत्येकाला ही दुसरी ओळखही ठाऊक असावी.

१०/
आता दलादलांतील चेष्टेकडे वळू. ही टोपणनावेही बहुधा साहित्यातूनच निघतात. डांबर लावलेल्या कपड्यांवरून खलाशी झाला ‘जॅक टार’. अमेरिकी मरीन सैनिकाला १७९८ ते १८७२ या काळात गळ्याभोवती चामड्याची ताठ पट्टी घालावी लागे, म्हणून तो ‘लेदरनेक’. मान वळवता येऊ नये अशी ती पट्टी, तीही भर उन्हात! गंमत अशी की चेष्टेचे हे नाव मरीन सैनिकांनी स्वतःच मिरवले आणि आपल्या मासिकालाही दिले.

११/
ब्रिटिश खलाशी भूदलाच्या शिपायाला ‘पाँगो’ म्हणतो. जेथे भूदल जाते तेथे दुर्गंधही जातो, अशी यमकाची कोटी त्यावर केली जाते. थट्टा उघड आहे, पण तिच्यामागे वस्तुस्थिती आहे. खलाशाचे अंथरूण आणि स्वयंपाकघर त्याच्याबरोबर फिरते, तर पायदळाचा शिपाई आठवडाभर त्याच कपड्यांत चिखलात पडलेला असतो. चिडवणारा नकळत दुसऱ्याच्या हालांची नोंद करून जातो. शिवाय अशी चेष्टा परक्याला करता येत नाही, ती करण्याचा हक्क सोबत्याचाच. बाहेरच्याने भूदलाला नावे ठेवली, तर पहिला उठून उत्तर देणारा बहुधा खलाशीच असतो.

१२/
पण ही चढाओढ तोंडी असते तोवरच निरोगी. ती कोठारात आणि कारखान्यात शिरली की काय होते, हे दुसऱ्या महायुद्धातील जपानने दाखवले. जर्मनीचे डीबी ६०१ हे एकच विमानइंजिन जपानी भूदलासाठी कावासाकीने ‘हा-४०’ म्हणून बनवले आणि नौदलासाठी आयचीने ‘आत्सुता’ म्हणून. इंजिन एक, पण कारखाने दोन आणि नावेही दोन. पुढे तर भूदलाने बेटांवरच्या आपल्या सैन्याला रसद पोचवण्यासाठी स्वतःच्या पाणबुड्या बांधल्या! पोलाद, इंधन आणि कुशल कारागीर यांचा तुटवडा असलेल्या देशाने हे केले. त्याची किंमत बेटांवर उपाशी राहिलेल्या शिपायांनीही मोजली.

१३/
या पार्श्वभूमीवर खडकवासल्याचे महत्त्व कळते. तिन्ही दलांच्या छात्रांना एकत्र शिकवण्याचा प्रयोग आपल्याकडे जानेवारी १९४९ मध्ये देहरादूनला सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली आणि जानेवारी १९५५ मध्ये प्रबोधिनीचे औपचारिक उद्घाटन झाले. पुढे ज्यांचे गणवेश वेगळे होणार, ती मुले येथे तीन वर्षे एकाच डांगरीत घाम गाळतात. त्यांनी पुढे एकमेकांना कितीही चिडवावे, ती ओळखीची चेष्टा असते. तिन्ही दलांचा समन्वय साधणारे संरक्षण दल प्रमुखांचे पद मात्र आपल्याकडे २०२० च्या आरंभी प्रत्यक्षात आले. मने लवकर जोडली, व्यवस्था जोडायला सत्तर वर्षे लागली.

१४/
एक आक्षेप रास्त आहे. बोलीभाषेवर विसंबावे किती? व्युत्पत्तीच्या नावाखाली दंतकथा फार पसरतात. ब्रिटिश वायुसैनिकाला ‘क्रॅब’ का म्हणतात, याची एकाहून अधिक स्पष्टीकरणे सांगितली जातात आणि सांगणारा प्रत्येक जण तितक्याच खात्रीने सांगतो. म्हणून शब्दाचा उगम सांगण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : तो लेखी प्रथम केव्हा दिसतो, ती वस्तू तेव्हा वापरात होती का, आणि सांगणारा त्या दलातला होता का. जी गोष्ट फारच चपखल वाटते, तिच्यावर आधी संशय घ्यावा. किल्ल्यांच्या कथांना आपण जी कसोटी लावतो, तीच येथेही.

१५/
शेवटी एक विनंती. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे पाठवणारी अशी गावे महाराष्ट्रात आणखीही आहेत. तेथील निवृत्त सुभेदार, हवालदार, नौसैनिक आज वृद्ध आहेत. आपण त्यांना युद्धाच्या कथा विचारतो, पदके पाहतो, छायाचित्र काढतो. पुढच्या वेळी हेही विचारा : पाठीवरच्या पिठ्ठूत काय काय असे? बूट कोठे चावत? थंडीचे कपडे वेळेवर मिळाले का? कोणत्या वस्तूला तुम्ही काय म्हणत होतात, आणि दुसऱ्या दलाला काय?

१६/
मोहिमांची तारीखवार हकिगत दप्तरांत सुरक्षित आहे, ती उद्याही वाचता येईल. बूट कोठे चावत होता, हे मात्र ज्याच्या पायात तो होता त्यालाच ठाऊक आहे. त्याचा शब्द लिहून घ्या. शेजारी तारीख, पलटण आणि ठिकाण टाका. तो हसत सांगेल, आपणही हसावे. मात्र वही बंद करण्यापूर्वी त्याला आणखी एकच विचारावे : “आजोबा, असं का म्हणत होतात?”