मागेल त्याला, की असेल त्याला?

हवामान बदललंय, मिळून मळा करा, आच्छादन घाला, ठिबक लावा, असं साहेब सांगतात. करू की! हात आहेत, अक्कल आहे. जमीन कुठाय? २०१६ची योजना 'मागेल त्याला शेततळे'. अट? नावावर किमान ०.६० हेक्टर. म्हणजे असेल त्यालाच!

मराठवाड्यात आपल्या मायबहिणींनी दगड वेचून गायरानं पिकवली. १९५९ आणि १९६४ला दादासाहेब गायकवाडांबरोबर भूमिहीन तुरुंगात गेले ते जमिनीसाठीच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं कायम करा, हा शासननिर्णय १९९१चा. तरी कित्येकांचं नाव सातबारावर नाही. तलाठी म्हणतो, पुरावा आणा. मग उभं पीक काय चोरीचं आहे?

पोरांनो, मळा गायरानावरच करा. तुरीत ज्वारी, बांधाला शेवगा. पावसानं दगा दिला तरी एखादं पीक हाती लागतं. अन् ठिबकच्या अर्जाआधी साऱ्या वस्तीच्या सह्या-अंगठे घेऊन तहसीलवर चला.