चार हात आणि सदतीस घंटा

गेल्या स्नेहसंमेलनात माझे आणि माझ्या एका वर्गमित्राचे वादन झाले, हे बहुतेकांना आठवत नसेल. आठवणार तरी कसे? आम्ही पडद्यापुढे बसलो होतो आणि पडद्यामागे एकांकिकेचे नेपथ्य लावणे चालले होते. पलंग सरकवल्याचा आवाज आमच्या ‘सौभद्रा’तल्या पदापेक्षा मोठा होता. मी क्लॅरिओनेट वाजवीत होतो, तो पेटी. कार्यक्रमपत्रिकेत आमचे नाव नव्हते. आधी चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले होते, “एकेरी वादन आहे, समूहवादन आहे. तुम्ही दोघे कशात बसता? आणि गाणारा कोणी नाही, नुसते वाजवणार!” संयोजकांवर माझा राग नाही. पुढच्या वर्षी कदाचित मीही संयोजक असेन आणि मलाही पलंग सरकवायला वेळ हवा असेल. परंतु ‘नुसते वाजवणार’ हे दोन शब्द काही डोक्यातून जाईनात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वसतिगृहात एका मित्राच्या मोबाइलवर अमेरिकेतली एक चित्रफीत पाहिली. लांबलचक टेबल, त्यावर जाड फोम, वर काळे कापड, आणि कापडावर ओळीने आडव्या ठेवलेल्या मुठीच्या घंटा, लहानापासून मोठीपर्यंत. टेबलामागे एक बाई आणि एक पुरुष, हातांत मोजे घातलेले. दोघांनी मिळून ब्रॉडवेवरच्या एका संगीत नाटकातले गाणे वाजवले. गायक नाही, तबला नाही. नुसते वाजवले!

या हातघंटेविषयी मग मी मिळेल ते वाचले. घंटा काशाची असते. साधारण ऐंशी भाग तांबे, वीस भाग कथील. एका घंटेत एकच स्वर. आतला लोलक देवळातल्या घंटेसारखा चारी दिशांनी हेलकावत नाही, पुढे आणि मागे एवढाच हलतो. म्हणूनच एका हातात दोन घंटा एकमेकींना काटकोनात धरता येतात. हात पुढे हलवला तर एक वाजते, बाजूला हलवला तर दुसरी. असा एक माणूस चार घंटा सांभाळू शकतो. आवाज थांबवायचा असेल तर घंटा खांद्याला किंवा कापडाला टेकवायची, नाहीतर ती घुमत राहते. हातमोजे थंडीसाठी नाहीत, घामाने धातू काळवंडू नये म्हणून असतात. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. या घंटेत मूळ स्वराबरोबर त्याच्या वरच्या सप्तकातला पंचमही घुमावा अशा बेताने ती सुरात लावलेली असते. आपल्या तंबोऱ्याची आठवण व्हावी!

तीन सप्तकांच्या संचात सदतीस घंटा असतात. मोठे वृंद असतात, त्यांत एकेका वादकाच्या वाट्याला बहुधा दोन-दोन स्वर येतात. एखादा आजारी पडला की गाण्यातून ते दोन स्वरच गायब. पण जेव्हा दोघेच असतात तेव्हा हात चार आणि घंटा सदतीस. मग एक घंटा खाली ठेवायची, दुसरी उचलायची, जोडीदाराच्या पाठीमागून पलीकडे जायचे, त्याच्या हातातली घ्यायची, आणि हे सारे मात्रा न चुकवता. त्या चित्रफितीत एका ओळीतला पहिला स्वर बाईचा होता, दुसरा पुरुषाचा, तिसरा पुन्हा बाईचा. ओळ कोणाची म्हणायची?

आमच्या एका प्राध्यापकांना मी हे दाखवले. ते म्हणाले, “छान आहे, पण ही सर्कस झाली. एकटा माणूस पियानोवर हेच दहा बोटांनी आरामात वाजवील.”

सरांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही, आणि अर्धे तर खरेच आहे. या घंटांचा इतिहासच तसा आहे. मुळात या इंग्लंडातल्या. चर्चच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा दोर ओढून ठराविक क्रमांनी वाजवायची तिकडे जुनी परंपरा आहे. त्या क्रमांचा सराव घरी बसून करता यावा म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लहान हातघंटा होऊ लागल्या. तेव्हाही एकेकाकडे दोन घंटा. दोघे बसले की चार, आणि चार घंटांचे क्रम होतात चोवीस. पुढे १८४०च्या दशकात बार्नम नावाचा तमासगीर अमेरिकन व्यवस्थापक लँकेशायरच्या घंटावादकांना अमेरिकेत घेऊन गेला आणि त्याने त्यांची जाहिरात ‘स्विस घंटावादक’ म्हणून केली. इंग्रज माणसांना त्याने स्विस पोशाख चढवले! आपले बोलणे ऐकून लोक ओळखतील, अशी त्यांना धास्ती होती. तुमची लँकेशायरची बोली कोणालाच कळणार नाही, तेव्हा कुठलेही असल्याचे सांगा, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले, असे त्यानेच आत्मचरित्रात लिहिले आहे. वाजवणाऱ्याने नुसते वाजवून चालत नाही, त्याला सोंगही आणावे लागते, हे तिकडेही होते तर. आमच्या वडिलांच्या बँडला लाल कोट आणि सोनेरी झालरीची टोपी आहे. मे महिन्यातसुद्धा!

आज अमेरिकेत या वादनाला मान आहे. बॉस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ या बाईंनी १९०२ साली इंग्लंडमधून घंटा आणल्या, आणि १९५४ साली तिथे वादकांची राष्ट्रीय संघटना झाली. बहुतेक वृंद चर्चचे. म्हणूनच नाटकातली गाणी घेऊन दोघांनीच उभे राहणे मला थोडे धीटपणाचे वाटते.

आता सरांच्या पियानोकडे येतो. पियानो एकट्याला जमतो, हे कबूल. पण मला जे दिसले ते पियानोत नाही. आपल्याकडे दोघांनी मिळून वाजवायचे म्हटले की दोनच प्रकार डोळ्यांपुढे येतात. एक मुख्य आणि एक साथीदार, नाहीतर जुगलबंदी. साथीत दुसरा मागे असतो. जुगलबंदीत दोघे पुढे असतात, पण प्रत्येकजण आपली पूर्ण ओळ वाजवतो, मग दुसरा त्याला उत्तर देतो. अर्धी ओळ माझी आणि अर्धी तुझी, हा प्रकार आमच्या शब्दांतच नाही. माझ्या मित्राला सगळे अजून ‘साथीला होता तो’ म्हणतात. वास्तविक पदाची अर्धी जागा त्याने भरली होती.

म्हणून उद्यापासून घंटा आणा आणि नाट्यपदे वाजवा, असे मी म्हणत नाही. ते जमायचेही नाही. घंटेला मींड येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे तिच्या स्वभावातच नाही, आणि आपल्या नाट्यपदातून मींड काढली तर उरते काय? ब्रॉडवेची गाणी वेगळी. त्यांचे स्वर सुटे, पायऱ्यांसारखे, आणि एका वेळी तीन-चार स्वर मिळून उठणारे. ‘साउंड ऑफ म्युझिक’ (१९५९) मध्ये सात मुलांना सात स्वर शिकवायचे गाणेच आहे. ते घंटांसाठी लिहिले नव्हते, पण लिहिले असते तरी वेगळे झाले नसते! उलट पेटीलाही मींड नाही, म्हणून पेटीवाल्याला कमी लेखणारांनी एवढे ध्यानात ठेवावे की ‘मानापमान’ (१९११) च्या चाली पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या आहेत.

शब्द नसले तर नाटकातले गाणे पांगळे होते, हाही एक आक्षेप. ज्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ (१९७५) रचले, त्याच ‘पिग्मॅलियन’वरून ब्रॉडवेवर १९५६ साली ‘माय फेअर लेडी’ आले. त्यात नायिकेच्या बापाला एक गाणे आहे. रात्रभर पिऊन तो सकाळी लग्नाला उभा राहणार, आणि मला वेळेवर चर्चमध्ये पोचवा म्हणून मित्रांना विनवतो. ते गाणे मी आधी शब्दांशिवाय ऐकले. इंग्रजी गाण्याचे शब्द मला पहिल्यांदा ऐकून कळतही नाहीत. तरी हा माणूस घाईत आहे, आनंदात आहे आणि मनातून थोडा घाबरलेलाही आहे, एवढे मला चालीवरूनच कळले.

लग्नात वाजवणाऱ्यांच्या घरचा मी मुलगा. लहानपणी वडिलांबरोबर जात असे. नवरदेव मांडवात पोचेपर्यंत चालत वाजवायचे आणि जेवायला शेवटच्या पंगतीला बसायचे. ढोलावर बँडमालकाचे नाव असते. क्लॅरिओनेट वाजवणारे तिघे असतात, त्यांची नावे वऱ्हाडाला ठाऊक नसतात. कॉलेजात आल्यावर वर्षभर मी वडिलांचा व्यवसाय ‘खाजगी नोकरी’ असा लिहीत होतो, हे आज येथे लिहून टाकतो.

दिवाळीच्या सुट्टीत ती चित्रफीत मी वडिलांना दाखवली. वाटले, हसतील. ते चष्मा लावून जवळ सरकले आणि शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. आईने विचारले, “ह्या पितळ्या घासतं कोण?” मी म्हटले, “पितळ नाही, कासे.” तिकडे वडिलांचे लक्षच नव्हते. ते म्हणाले, “त्या बाईनं मोठी घंटा खाली ठेवली, तवा आवाज आला न्हाई. तेवढी जागा पुन्यांदा दाखव.”

मी तीन वेळा दाखवली.