तिचे बाबा ‘हाय’ नाहीत, ‘टॉल’ आहेत!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे घरी बोलायची भाषा, आणि तीही ‘अगं, तो चार्जर पास कर ना’ छापाची. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लेख लिहितेय हे कळल्यावर आमच्या विंगमध्ये हशा पिकला. शुद्धलेखन माझ्या रूममेटने तपासलंय. तरीही चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या. हा लेख तिच्याबद्दलच आहे आणि तिला विचारूनच लिहिलाय. नाव मात्र छापायचं नाही, ही तिची अट!

ती जालन्याकडच्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये वर्गात पहिली. जर्नल पूर्ण करायला अर्धी विंग तिच्याकडे येते. तिचे बाबा दिवाळीच्या सुट्टीत तिला न्यायला आले होते. सहा फूट उंच, सडसडीत, गळ्यात तुळशीची माळ. आमच्या व्हिजिटर्स रूमच्या दारातून त्यांना मान वाकवून आत यावं लागलं, एवढी उंची.

आता मूळ गोष्ट. गेल्या सेमिस्टरला प्लेसमेंटच्या तयारीसाठी मॉक इंटरव्ह्यू होते. हॉल भरलेला. एकेकाने पुढे जायचं, पॅनेलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. तिला घरच्यांबद्दल विचारलं. ती म्हणाली, “माय फादर इज अ फार्मर. ही इज व्हेरी हाय.”

हॉलमध्ये खसखस पिकली. ज्यांना समजलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजीत माणूस ‘हाय’ आहे म्हटलं की तो नशेत आहे असा अर्थ होतो. मागच्या बाकावरून कुणीतरी हवेतच ग्लास उंचावला. तिला वाटलं, लोकांचा विश्वास बसत नाहीये. म्हणून तिने पुन्हा ठासून सांगितलं, “यस, व्हेरी हाय. सिक्स फीट.” मग तर विचारूच नका. पॅनेलवरचे सरही हसले.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. आणि मीही हसले.

रात्री तिने विचारलं, “का हसले गं सगळे?” मी सांगितलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “बाबा माळकरी आहेत गं. दर आषाढीला चालत पंढरपूरला जातात.” त्यानंतर कॅम्पसला आलेल्या पहिल्या कंपनीसाठी तिने नावच दिलं नाही. विचारलं तर म्हणाली, “अभ्यास झाला नाही.” तिचा अभ्यास झाला नसेल तर बाकीच्यांनी वह्या रद्दीत घालाव्यात! पण कारण काय होतं ते तिला माहीत होतं आणि मलाही.

दोन-तीन दिवसांनी तिने मला घेरलं. “डिक्शनरीत हाय म्हणजे उंच, टॉल म्हणजेही उंच. आपल्याकडे डोंगर उंच आणि माणूसही उंच. मग तिकडे दोन शब्द कशाला? आणि कुठे कुठला लावायचा हे ठरवायचं कसं?”

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला उत्तर माहीत नाही. मी म्हटलं, “अगं, हाय मॅन असं साउंडच होत नाही.” ती म्हणाली, “हे काय उत्तर झालं? व्हायवात असं सांग, बघ सर काय म्हणतात ते!”

खरं होतं. मला बरोबर शब्द येत होता, पण का बरोबर ते येत नव्हतं. लहानपणापासून कानावर पडत गेलं म्हणून ते आलं. त्यात माझी हुशारी शून्य. कानावर पडायची सोय आईवडिलांनी फी भरून करून दिली होती, एवढंच.

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. दोघी सिव्हिलच्या, त्यामुळे उत्तर सर्व्हेइंगमध्ये सापडलं. टॉल म्हणजे वस्तूची स्वतःची उंची, पायापासून डोक्यापर्यंत. हाय म्हणजे ठरवलेल्या पातळीपासून ती किती वर आहे ते. थोडक्यात हाय म्हणजे आपलं रिड्यूस्ड लेव्हल, ज्याला डेटम लागतं. झाड टॉल, पण त्याच्या शेंड्यावरचं घरटं हाय. टेबलावर उभं राहिलेलं पोर हाय, पण टॉल नव्हे.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर आहे, ते समुद्रसपाटीपासून. म्हणून तो जगातला हायेस्ट पर्वत. हवाई बेटांवरचा मौना केआ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४,२०७ मीटर. पण त्याचा पाय समुद्राच्या तळाशी आहे आणि तिथून मोजला तर तो दहा हजार मीटरच्या वर जातो. म्हणून त्याला टॉलेस्ट म्हणतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, पण बारी गावातून चढताना आपण १,६४६ मीटर थोडेच चढतो? बारी स्वतःच समुद्रापासून बरंच वर आहे.

पुलांचंही तसंच. फ्रान्समधला मियो व्हायाडक्ट २००४ साली सुरू झाला. त्याची पूर्ण उंची, म्हणजे खांबाच्या पायापासून वरच्या टोकापर्यंत, ३४३ मीटर. पण गाड्या ज्या डेकवरून जातात तो नदीपासून साधारण २७० मीटर वर आहे. एकच पूल, पण टॉल किती आणि हाय किती, याची उत्तरं दोन! जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब रेल्वे पुलाचं उद्घाटन जून २०२५ मध्ये झालं. त्याचा ३५९ मीटरचा आकडा आहे तो नदीपात्रापासून डेकपर्यंतचा, म्हणजे हायचा.

अपवाद आहेतच. भिंत, कुंपण यांचा पाय जमिनीवर असूनही त्यांना हायच म्हणतात, कारण ती आडवी पसरलेली असतात. टॉल शोभतो तो रुंदीच्या मानाने उभ्या अंगाच्या गोष्टींना : माणूस, झाड, खांब, मनोरा, उंच इमारत. तरीही अडलंच तर उलट शब्द लावून बघायचा. टॉलचा उलट शॉर्ट, हायचा उलट लो. ठेंगणा माणूस शॉर्ट असतो, म्हणून उंच माणूस टॉल. बुटकी भिंत लो असते, म्हणून उंच भिंत हाय. ही युक्ती तिनेच काढली, मी नाही.

नंतर ‘खूप’कडे वळलो. मराठीत आपण खूप पाणी, खूप मुलं, खूप दाब, खूप पाऊस असं सगळीकडे एकच खूप घालून भागवू शकतो. इंग्रजीत प्रत्येकाची सोय वेगळी. मोजता येतात ती मेनी, मोजता येत नाही ते मच. अमाउंट, क्वांटिटी, नंबर यांच्यामागे लार्ज. टेंपरेचर, प्रेशर, व्होल्टेज, स्पीड, प्राइस यांच्यामागे हाय. पाऊस, ट्रॅफिक आणि नुकसान मात्र हेवी. हे लक्षात कसं ठेवायचं? तिने पुन्हा मराठीतूनच वाट काढली. “ताप चढतो, पारा चढतो, भाव चढतात. जे आपल्याकडे चढतं ते यांच्याकडे हाय!” दरवेळी नाही चालणार, पण बऱ्याचदा चालतं. करून बघा.

एवढा काथ्याकूट कशाला, इंग्रजी समजल्याशी कारण, असं काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. टाकीत भरपूर पाणी आहे हे सांगायला साइट रिपोर्टमध्ये ‘हाय वॉटर’ लिहिलंत, तर वाचणारा पाण्याची पातळी वर गेली असं समजेल. पुरासाठी आपण हाय फ्लड लेव्हल म्हणतो ते उगाच नाही. चुकीच्या विशेषणाने पगार जाईल का माहीत नाही, पण गैरसमज नक्की होईल. तेव्हा चूक सुधारायलाच हवी. माझं म्हणणं एवढंच आहे की ती हसून सुधारत नाही.

कारण आता माझी बाजू ऐका. पहिल्या वर्षाला मी मेसच्या मावशींना म्हटलं होतं, “मावशी, आज चहा मजबूत करा ना.” स्ट्राँगचं मराठी केलं! अख्खी मेस हसली. मावशींनी डोळे पुसत ‘कडक’ चहा दिला. जुलैत एकदा खिडकीशी उभी राहून मी म्हटलं, “केवढा जड पाऊस!” ‘उंची वस्त्रे’ म्हणजे लांब कपडे असं मी परवापरवापर्यंत समजत होते. त्याचा अर्थ भारी किमतीची वस्त्रं, हे रूममेटने सांगितलं. उंच, उंची आणि उच्च हे तीन शब्द कुठे लावायचे, हे मी आजही तिला विचारून लिहिते.

एकदा तिने माझी परीक्षाच घेतली. पाच शब्द दिले : यश, पीक, पगार, गर्दी, झोप. प्रत्येकामागे खूप सोडून दुसरं विशेषण लाव म्हणाली. मी पाचही ठिकाणी ‘मोठं’ फिरवलं. तिची उत्तरं होती : घवघवीत यश, भरघोस पीक, लठ्ठ पगार, तोबा गर्दी, गाढ झोप. मी म्हटलं, “पगार लठ्ठ कसा असेल?” ती म्हणाली, “तुमचा पाऊस हेवी चालतो, मग आमचा पगार लठ्ठ का नको?” निरुत्तर!

म्हणजे बघा, तिची आणि माझी चूक एकाच जातीची. एका भाषेतलं विशेषण उचलून दुसऱ्या भाषेतल्या नामाला चिकटवायचं. पण माझ्या चुकीला मेसने ‘सो क्यूट’ म्हटलं. मराठी येत नाही म्हणून माझी अक्कल कुणी काढली नाही. उलट, कॉन्व्हेंटची आहे म्हणून थोडा भावच मिळाला. तिच्या चुकीला मात्र ‘गावठी’ शिक्का. मजबूत चहा गोड आणि हाय फादर अडाणी? हा कुठला न्याय? हसणं दोन्हीकडे झालं, पण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा मागायला गेले आणि तिने कंपनीसाठी नाव देणं सोडलं. फरक इथे आहे.

दोष कुणाचा याचाही विचार केला. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तिनेही दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी घेतलंच. पण तिला शब्द सुटे सुटे मिळाले. हाय म्हणजे उंच, स्पेलिंग पाठ करा, पुढचा शब्द. विशेषण एकटं राहत नाही, ते कुणाशी नांदतं ते सांगितलं तरच कळतं. हे तिला कुणी सांगितलं नाही. आणि जे सांगू शकत होते, म्हणजे माझ्यासारखे, ते दुसऱ्या रांगेत बसून हसत होते.

म्हणून दोन विनंत्या. पहिली सरांना आणि मॅडमना. मॉक इंटरव्ह्यूत चूक झाली तर जरूर सांगा, पण सगळ्यांदेखत नको. मुलाखत संपल्यावर कागदावर लिहून द्या आणि जमलं तर कारणही द्या. पॅनेल हसलं की हॉलला हसायचं लायसन्स मिळतं.

दुसरी विनंती माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना. आपल्याला जे कानाने आयतं मिळालं ते वाटायला काय जातं? रूममेट अडली तर सांगा. ‘का’ सांगता आलं नाही तर दोघांनी मिळून शोधा. मला स्वतःला टॉल आणि हायमधला फरक या निमित्ताने पहिल्यांदा समजला, आणि तो मला ज्या मुलीवर मी हसले तिने समजावला.

तिने पुढच्या कंपनीसाठी नाव दिलंय. निकाल काय लागेल तो लागेल. मुलींच्या होस्टेलवर दुसऱ्या मजल्यावर, वॉटर कूलरशेजारच्या बोर्डावर आम्ही दर रविवारी एक कागद लावतो. पाच इंग्रजी जोड्या, पाच मराठी जोड्या. इंग्रजी बाजू मी लिहिते, मराठी बाजू ती. मुलांच्या होस्टेलनेही असा कागद सुरू करावा. चूक दिसली तर पेन्सिलने दुरुस्त करा, पेन्सिल दोरीला बांधून ठेवलीय. फक्त हसून निघून जाऊ नका.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी